टेलगेट जमवायचा कसा: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या शनिवारची सविस्तर तयारी

पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास आहे, आणि तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर, अमेरिकन फुटबॉलचा (हातात बॉल धरून पळायचा खेळ, आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे) घरचा सामना असेल त्या शनिवारी गावात गावापेक्षा पाहुणे जास्त होतात. अ‍ॅन आर्बर (मिशिगन विद्यापीठ), कोलंबस (ओहायो स्टेट), नॉक्सव्हिल (टेनेसी), बॅटन रूज (लुइझियाना स्टेट), टेक्सासमधलं कॉलेज स्टेशन (टेक्सास ए अँड एम), सगळीकडे हीच तऱ्हा. यातली निम्मीअधिक गंमत स्टेडियमच्या बाहेर असते. सामन्याच्या चार-पाच तास आधी लोक पार्किंगमध्ये ठाण मांडतात, पिकअपची मागची फळी खाली पाडून तिच्यावर खाणं मांडतात, शेजारी ग्रिल पेटतं, पोरं बॉल फेकायला लागतात. याला टेलगेट म्हणतात.

मास्टर्स, पीएचडीला आलेली आपली मुलं पहिल्या सेमिस्टरला हे सगळं बसच्या खिडकीतून बघतात. कुणीतरी बोलावेल याची वाट बघत दोन वर्षं जातात, डिग्री हातात पडते आणि एकही शनिवार अनुभवलेला नसतो. याची मला खरोखर हळहळ वाटते. म्हणून हा लेख. बोलावण्याची वाट बघू नका, आपणच मांडा. आणि मांडताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: स्टेडियममधला आवाज पार्किंगमध्ये तयार होतो. ज्या टोळक्यात सकाळी प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम होतं आणि खेळ न कळणाऱ्याला कुणीतरी बसवून समजावलं होतं, तेच टोळकं शेवटच्या, चौथ्या क्वार्टरमध्ये घसा फोडून ओरडत असतं. नुसतं खाऊन-पिऊन आत गेलेले लोक मध्यंतरातच घरी निघतात.

सामना निवडा

नियमित सीझन ऑगस्टअखेर सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी आटोपतो. प्रत्येक टीमचे बारा सामने, त्यातले सहा ते आठ घरच्या मैदानावर. पहिलाच टेलगेट मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट किंवा अलाबामा विरुद्ध ऑबर्न अशा हाडवैराच्या सामन्याला करू नका. त्या दिवशी पार्किंगचे लॉट पहाटेच भरतात, तिकिटं परवडत नाहीत, आणि नवख्यांकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते. सप्टेंबरमधला एखाद्या लहान कॉलेजबरोबरचा सामना घ्या. तिकीट स्वस्त असतं, हवा बरी असते, सामना बहुधा आपणच जिंकतो आणि शेजारचे तंबूवाले गप्पांना मोकळे असतात. दुसरा टेलगेट होमकमिंगला करावा. त्या शनिवारी जुने विद्यार्थी गावात परततात. तुमच्याच डिपार्टमेंटमधून वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेला माणूस हातात सॉसेज घेऊन समोर उभा राहतो आणि नोकरीच्या गोष्टी आपणहून सांगतो.

सामन्याची वेळ टीव्हीवाले ठरवतात. पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी बारा, साडेतीन आणि संध्याकाळी सात-साडेसात असे साधारण तीन स्लॉट असतात आणि बऱ्याच सामन्यांची नेमकी वेळ बारा किंवा सहा दिवस आधीच कळते. वेळ कळल्याशिवाय मेनू ठरवू नका. बाराच्या सामन्याला सकाळी आठला मटण खायला कुणी तयार नसतं, तिथे पोहे आणि कॉफी लागते. रात्रीच्या सामन्याला मात्र दोन जेवणांची सोय हवी.

जागा आणि तिथले नियम

स्टेडियमलगतचे लॉट विद्यापीठाला देणग्या देणाऱ्यांच्या सीझन पासमध्ये गेलेले असतात. आपल्याला मिळतात ते लांबचे विद्यापीठाचे लॉट, चर्चची आवारं, शाळांची मैदानं आणि लोकांची अंगणं. अ‍ॅन आर्बरला स्टेडियमसमोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात आणि विद्यापीठाच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीवर गाड्या लागतात. हिरवळीवरचा टेलगेट बघायला फारच देखणा. पंधरा-वीस मिनिटं चालायची तयारी असेल तर जागा हमखास मिळते.

विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक्स विभागाच्या वेबसाइटवर 'गेम डे'चं पान असतं. त्यात चार गोष्टी बघा: लॉट किती वाजता उघडतो, तंबू चालतो का, कोळसा चालतो की फक्त गॅस, आणि दारूबद्दल काय लिहिलंय. हे नियम जागोजागी अगदी वेगळे असतात. मिसिसिपीच्या ऑक्सफर्ड गावातली 'ग्रोव्ह' ही ओक वृक्षांची दहा एकरांची राई टेलगेटची पंढरी मानली जाते. तिथे तंबूंमध्ये झुंबरं टांगतात, टेबलांवर पांढऱ्या चादरी अंथरतात, लोक सूट आणि झगे घालून येतात. पण झाडांखाली पेटती आग चालत नाही, त्यामुळे सगळं खाणं घरून तयार येतं. नॉक्सव्हिलला टेनेसी नदीतून बोटी येतात. १९६२ साली एका माणसाने ट्रॅफिक टाळायला आपली बोट स्टेडियमजवळ आणून बांधली आणि त्यातून ताफाच उभा राहिला. सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सामन्याला लोक सरोवरातून येतात.

गर्दी झाली की मोबाईलचं नेटवर्क कोलमडतं. 'पोचलो की फोन करतो' हा बेत त्या दिवशी चालत नाही. आदल्या रात्रीच ग्रुपवर लॉटचं नाव, ओळीचा नंबर आणि खूण टाका. खूण म्हणजे उंच काठीवर झेंडा. मासे धरायच्या लांब काठीला विद्यापीठाचा झेंडा आणि त्याखाली भगवा किंवा एखादी रंगीत ओढणी बांधली की दोनशे तंबूंतही आपला तंबू लांबून दिसतो.

माणसं आणि कामं

बारा-पंधरा माणसं पहिल्या खेपेला पुष्कळ झाली. फक्त मराठी मंडळी गोळा करू नका, ही माझी कळकळीची विनंती. लॅबमधला ओहायोचा मुलगा, शेजारची टेक्सासची आजी, चिनी रूममेट, सगळे हवेत. निदान दोघं असे असावेत ज्यांना हा खेळ लहानपणापासून माहीत आहे.

आता कामं वाटा. 'काही आणायचंय का?' असं कुणी विचारलं तर 'काही नको, नुसते या' हे आपलं नेहमीचं उत्तर देऊ नका. नुसता आलेला माणूस पाहुणा राहतो आणि तासाभरात मोबाईलमध्ये डोकं घालतो. प्रत्येकाला एक नेमकं काम सांगा: बर्फ, कोळसा, तंबू, शाकाहारी ग्रिल, कचरा, फोटो, गाडी चालवणं. सर्वांत बुजऱ्या माणसाला ग्रिलजवळचं काम द्यावं, कारण ग्रिलवाल्याशी येणारा-जाणारा प्रत्येक जण बोलतो. माणशी पंधरा-वीस डॉलर गुरुवारीच गोळा करून घ्या. सामन्यानंतर पैशांच्या मागे लागणं दोघांनाही नको वाटतं.

आई-बाबा भेटीला आले असतील तर त्यांना जरूर आणा. पाठ टेकता येईल अशा दोन खुर्च्या, सावली आणि जवळचं स्वच्छतागृह यांची सोय आधी बघून ठेवा. बाराच्या उन्हात साडेतीन तास स्टेडियमच्या बाकावर बसणं त्यांना झेपेल का, याचा विचार करा. टेलगेट त्यांच्याबरोबर करावा आणि सामना त्यांनी घरी टीव्हीवर बघावा, यातही काही बिघडत नाही.

सामान

दहा बाय दहा फुटांचा घडीचा तंबू लागतो आणि त्याच्या चारी पायांना वजनं लागतात. डांबरावर खुंट्या ठोकता येत नाहीत, आणि बिनवजनाचा तंबू वाऱ्याच्या एका झोतात शेजारच्या गाडीवर जातो. पाण्याच्या गॅलनच्या भरलेल्या बाटल्या दोरीने बांधल्या तरी काम होतं.

कूलर दोन हवेत, एक पेयांचा आणि एक खाण्याचा. पेयांचा कूलर दर मिनिटाला उघडतो आणि त्यातला बर्फ दुपारपर्यंत पाणी होतो. कच्चं चिकन त्यात असेल तर ते वाया गेलंच म्हणून समजा. याशिवाय दोन घडीची टेबलं, खुर्च्या, लांब चिमटे दोन जोड, थर्मामीटर, कागदी टॉवेल, ओले पुसणे, काळ्या पिशव्यांचा अख्खा रोल, प्रथमोपचाराची पेटी, सनस्क्रीन आणि जम्पर केबल. गाडीच्या स्पीकरवर चार तास गाणी वाजवली की संध्याकाळी बॅटरी बसलेली असते, आणि तेव्हा केबल असलेला माणूस अख्ख्या रांगेचा देव होतो. पावसासाठी प्लॅस्टिकचे पोंचो घ्या. बहुतेक स्टेडियममध्ये छत्री आत नेऊ देत नाहीत.

खाणं

ज्या गावात आहात तिथलं काहीतरी ताटात असलंच पाहिजे. विस्कॉन्सिनला ब्राटवुर्स्ट हे जाड सॉसेज कांदा घातलेल्या बिअरमध्ये उकळून मग ग्रिलवर खरपूस करतात. लुइझियानात मोठ्या पातेल्यात जंबालाया (मसालेदार भात) किंवा गंबो (दाट रस्सा) रटरटत असतो, आणि तिथे ओळख नसतानाही वाटी पुढे केली जाते. टेक्सासला ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस), कॅरोलिनांमध्ये डुकराचं मांस तासन्‌तास मंद आचेवर शिजवून त्याचे दोरे काढतात. यातला एक पदार्थ स्थानिक मित्राकडे सोपवा.

आपल्याकडचं काय चालतं? पावभाजीला तोड नाही. शुक्रवारी रात्री भाजी करून लगेच फ्रीजमध्ये टाकायची, सकाळी कूलरमधून न्यायची आणि लॉटमध्ये सपाट तव्याच्या गॅस ग्रिलवर चांगली उकळी येईपर्यंत गरम करायची. पाव मिळाले नाहीत तर बटाट्याचे छोटे बन घ्या, अमूलच्या लोण्यावर शेकून द्या. तव्यावर लोणी आणि मसाला पडला की आजूबाजूच्या चार तंबूंतून माणसं विचारायला येतात, आणि अर्ध्या ओळखी तिथेच होतात. सप्टेंबरात मिडवेस्टमध्ये गोड मका मुबलक असतो. कणसं थेट निखाऱ्यावर भाजून लिंबू-तिखट-मीठ चोळा. अमेरिकन मित्र दुसऱ्यांदा रांगेत उभे राहतात. वडापावचा मोह आवरा. वाऱ्यात, पोरांच्या धावपळीत उकळत्या तेलाची कढई ही मोठी जोखीम आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तळायला बंदीच असते. घरून तळून नेलेला वडा तासाभरात मऊ पडतो.

चिकन बोनलेस मांडीचं घ्या, ते कोरडं पडत नाही. दही, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ लावून शुक्रवारी रात्रीच बंद पिशवीत भरा आणि कूलरच्या तळाशी ठेवा. आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस झाल्याशिवाय वाढू नका. रंग बघून अंदाज बांधणं धोक्याचं आहे, कारण मसाल्याने रंग आधीच गडद झालेला असतो. शिजवलेलं किंवा नासणारं अन्न ४ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त ठेवायचं नाही. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. टेक्सास, लुइझियाना, फ्लोरिडात सप्टेंबरात हा एक तासाचाच नियम लागू होतो. मेयोनीजचं सॅलड उन्हात ठेवू नका.

शाकाहाऱ्यांसाठी वेगळी जाळी आणि वेगळा चिमटा ठेवा, आणि चिमट्याला रंगीत टेप गुंडाळा. 'बाजूला भाजलंय' हे उत्तर अनेकांना चालत नाही आणि त्यांनी ते चालवून घ्यावं अशी अपेक्षाही करू नये. सीझन गणपती-नवरात्रातच येतो, तेव्हा कुणाचा उपास आहे ते आधी विचारा. भाजलेली रताळी, दाणे, केळी एवढ्यावर उपासाचा माणूसही मजेत राहतो.

निखारे

कोळशाचं काम नीट समजून घ्या, कारण इथेच नवखे लोक अडतात. कोळशावर स्पिरिटसारखं तेल ओतून काडी लावू नका. अन्नाला वास लागतो आणि भडका उडतो. चिमणी स्टार्टर नावाचं पत्र्याचं नळकांडं वीसेक डॉलरमध्ये मिळतं. त्याच्या खालच्या कप्प्यात वर्तमानपत्राचे दोन सैलसर बोळे कोंबायचे, वर कोळसा भरायचा, ग्रिलच्या जाळीवर ठेवून खालून कागद पेटवायचा. पहिली पाच मिनिटं नुसता धूर येतो. विझलं की काय असं वाटतं, पण हात लावू नका. मग आतून तडतड ऐकू येते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी वरच्या कोळशाच्या कडा राखाडी दिसायला लागल्या की जाड हातमोजा घालून सगळे निखारे ग्रिलच्या एका अंगाला ओता. दुसरं अंग मोकळं ठेवा. जाळ भडकला की चिकन मोकळ्या बाजूला सरकवायचं, एवढ्याने जळणं टळतं. एक नळकांडं साधारण तासभर ताव देतं.

ग्रिल तंबूखाली कधीही लावू नका, पाऊस आला तरीही. आत जायच्या पाऊण तास आधी झाकण आणि झडपा बंद करा. राख लॉटमधल्या निखाऱ्यांच्या खास पिंपातच टाका. तसं पिंप नसेल तर पाणी ओतून पूर्ण गार करा. अर्धवट विझलेलं ग्रिल गाडीच्या डिकीत ठेवलं तर आग लागते किंवा कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. अशी घाई जिवावर बेतते.

खेळ आणि गप्पा

कॉर्नहोल शिका, दोन मिनिटांत येतो. भोक पाडलेल्या दोन तिरक्या फळ्या २७ फुटांवर समोरासमोर मांडायच्या आणि कापडी पिशव्या फेकायच्या. फळीवर राहिली तर १ गुण, भोकात गेली तर ३, दोन्ही बाजूंचे गुण एकमेकांतून वजा होतात, आणि जो आधी २१ करेल तो जिंकला. अनोळखी माणसाला बोलावण्यासाठी यासारखं निमित्त नाही. समोरच्या टीमचे कपडे घातलेला कुणी जाताना दिसला तर त्याला हाक मारून खाऊ घाला. ही या खेळाची जुनी आणि फार चांगली रीत आहे.

दारू

२१ वर्षांखालच्याला दारू देणं गुन्हा आहे, आणि तुमच्या टेबलावरून दिली गेली तर तुम्हीही अडकता. गाडी चालवणारा आदल्या रात्रीच ठरवा आणि त्याच्यासाठी चांगलं सरबत, कोकम, ताक काहीतरी मुद्दाम आणा. स्टुडंट व्हिसावर असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी, कोर्टाचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. एका शनिवारपायी दोन वर्षांची मेहनत पणाला लावू नका.

खेळ समजावण्याची अर्धी घटका

आत जायच्या तासभर आधी गाणी बंद करा आणि नवख्यांना टेबलाभोवती गोळा करा. सगळे नियम सांगायला गेलात तर कुणाच्याच लक्षात राहणार नाहीत. एवढंच सांगा:

बॉल ज्या टीमकडे आहे तिला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचंय. गेली की पुन्हा नवे चार प्रयत्न. बॉल घेऊन समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, त्याचे ६ गुण, त्यानंतरच्या किकचा १, मैदानातून किक मारून खांबांमधून बॉल घातला तर ३. क्वार्टर चार, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे, पण थांबत थांबत सगळं मिळून साडेतीन तास.

आणि मग सर्वांत महत्त्वाचं, कधी ओरडायचं. आपल्या टीमकडे बॉल असताना शांत राहा. आपल्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चाल पुकारून बॉल खेळवणाऱ्या गड्याचा, आवाज त्याच्या साथीदारांना ऐकू गेला पाहिजे. समोरच्यांकडे बॉल असताना ओरडा. त्यातही तिसऱ्या प्रयत्नाला, म्हणजे थर्ड डाउनला, अंगातला सगळा जोर काढा. समजा त्यांना तीन यार्ड हवेत. क्वार्टरबॅक आकडे पुकारतोय, त्याच्या पुढचे पाच धिप्पाड गडी त्या आवाजाच्या भरवशावर वाकून बसलेत. लाखभर लोकांच्या कल्लोळात त्यांना काही ऐकू येत नाही, एकाचा अंदाज चुकतो आणि तो क्षणभर आधी हलतो. फॉल्स स्टार्ट. पाच यार्ड मागे, आता तीनऐवजी आठ यार्ड हवेत. ते पाच यार्ड कुठल्याही खेळाडूने नाही, प्रेक्षकांनी मिळवलेले असतात. मिरवणुकीत ताशाचा ठेका बदलला की ढोलवाले जसा एकदम हात उचलतात, तसा थर्ड डाउनला सगळ्या बाकांनी एकदम आवाज उचलायचा असतो.

२०२४ पासून वरच्या विभागातल्या टीममध्ये मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज ऐकू येतो, पण प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढची चाल सुरू करायच्या घड्याळावर, पंधरा सेकंद उरली की ती सोय बंद होते. तिथून पुढे त्यांच्याकडे फक्त हातवारे आणि स्वतःचा गळा. स्टेडियममधल्या त्या घड्याळाकडे नजर ठेवा आणि पंधराचा आकडा दिसला की आवाज आणखी चढवा. हे एकदा कळलं की नवखा माणूस शेजाऱ्याकडे बघून टाळ्या वाजवत नाही, स्वतःच वाट बघायला लागतो.

नंतर घोषणा शिकवा. कोलंबसला एकाने 'ओ-एच!' म्हटलं की समोरून 'आय-ओ!' आलंच पाहिजे, दुकानात असा नाहीतर विमानतळावर. पर्ड्यूला 'बॉइलर अप', मिशिगनला 'गो ब्लू', टेक्सास ए अँड एमला अंगठा वर करून 'गिग एम'. लाजू नका. तंबूत दहा वेळा म्हटलेली घोषणा आत आपोआप तोंडातून येते.

परंपरा जपा आणि वेळेआधी आत जा

बँड मैदानावर येण्याआधी तुम्ही जागेवर पोचलेले असायला हवेत, याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. ओहायो स्टेटचा बँड १९३६ पासून मैदानावर चालत चालत 'ओहायो' हे अक्षर-अक्षर जोडून लिहितो, आणि शेवटी एक सूसाफोन (अंगाभोवती गुंडाळलेलं भलंमोठं पितळी वाद्य) वाजवणारा ऐटीत जाऊन 'आय'वरचा टिंब होतो. त्या एका टिंबासाठी स्टेडियम उभं राहतं. टेक्सास ए अँड एमचे विद्यार्थी पूर्ण सामना उभे असतात. १९२२ च्या जानेवारीत डॅलसच्या एका सामन्यात जखमी खेळाडू वाढत गेले तेव्हा ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी गणवेश चढवून राखीव म्हणून उभा राहिला. त्याला मैदानात उतरावं लागलं नाही, पण तयारीत राहण्याची ती प्रथा 'बारावा गडी' म्हणून आजही पाळली जाते. आदल्या मध्यरात्री स्टेडियममध्ये नुसत्या घोषणांच्या सरावाला हजारो लोक जमतात. पेन स्टेटला ठरलेल्या सामन्याला अख्खं स्टेडियम पांढरे कपडे घालतं. तिकीट घेताना रंग कोणता ते विचारून ठेवा. लुइझियाना स्टेट १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये ऑबर्नविरुद्ध ७-६ ने जिंकताना सामन्यातल्या एकमेव टचडाउनला एवढा जल्लोष झाला की विद्यापीठाच्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली.

आणि आयोवा सिटी. किनिक स्टेडियमला लागूनच लहान मुलांचं रुग्णालय आहे, त्याच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की दोन्ही टीमचे खेळाडू, पंच आणि सगळे प्रेक्षक मागे वळून त्या खिडक्यांकडे हात हलवतात. आयोवाला गेलात तर त्या वेळी खाणं आणायला उठू नका.

दारावर अडकू नये म्हणून: पारदर्शक पिशवी, साधारण १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची. तिकीट फोनवर आधीच डाउनलोड करा, कारण तिथे नेटवर्क नसतं. छोटा पॉवर बँक खिशात ठेवा. नोव्हेंबरात मिडवेस्टला पायमोजे दोन जोड घाला आणि पुठ्ठ्याचा तुकडा न्या. अ‍ॅल्युमिनियमच्या बाकासमोर पायाखाली टाकला की काँक्रीटचा गारठा बराच अडतो.

टीम हरत असेल तेव्हा

दर आठवड्याला जिंकणाऱ्या टीमचा उत्साह टिकवायला कौशल्य लागत नाही. खरी कसोटी हरणाऱ्या टीमच्या गावात असते. इंडियाना विद्यापीठाची टीम २०२३ मध्ये बारांपैकी तीन सामने जिंकली होती. नवा कोच आला आणि २०२४ मध्ये बारांपैकी अकरा जिंकून टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, पोचली. पडत्या वर्षांतही ज्यांनी आपला तंबू मोडला नाही, त्यांना अशा वर्षाचा आनंद काही वेगळाच मिळतो.

म्हणून तुमच्या टेलगेटच्या काही गोष्टी निकालावर अवलंबून ठेवू नका: सीझनभर चालणारी कॉर्नहोलची स्पर्धा, दर सामन्याला नव्या माणसाच्या हाती ग्रिल, ठरलेला ग्रुप फोटो. मध्यंतरात निघायचं नाही असं आधीच एकमताने ठरवा, कारण बँडचा मोठा कार्यक्रम मध्यंतरातच असतो. आपल्याच मुलांना शिव्या घालणाऱ्याला लगेच थांबवा. मैदानावरचे खेळाडू अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे विद्यार्थी आहेत, तुमच्याच वर्गात बसणारे. जिंकल्यावर मैदानात धावायचा मोहही टाळा. चेंगराचेंगरी होते आणि विद्यापीठाला लाखो डॉलरचा दंड बसू शकतो.

सामन्यानंतर

सामना संपल्याबरोबर गाडी काढली तर तासभर रस्त्यात तिष्ठत बसाल. त्यापेक्षा दुसरा छोटा टेलगेट मांडा. गॅसवर चहा टाका, आलं ठेचून. उरलेले पाव, फळं, चिवडा काढा. कूलरमध्ये दिवसभर राहिलेलं चिकन मात्र या वेळी शिजवायला घेऊ नका. ज्याच्याकडे कचऱ्याचं काम आहे त्याने पिशव्या बांधून आपल्या जागेच्या आजूबाजूचंही उचलावं. पुढच्या वेळी तीच जागा मागताना लॉटवाल्याच्या ते लक्षात असतं.

रविवारी कूलर साबणाने धुऊन झाकण उघडं ठेवून वाळवा, तंबू ओला असेल तर पसरून ठेवा, नाहीतर बुरशी धरते. काय कमी पडलं ते ग्रुपवर लिहून टाका. बहुतेक वेळा बर्फ आणि पाणी कमी पडतं. पुढच्या घरच्या सामन्याची वेळ साधारण रविवारी किंवा सोमवारी जाहीर होते. ती कळली की त्याच ग्रुपवर टाका आणि या वेळी कोळसा कोण पेटवणार ते विचारा.